दिवसाला किती कार्ब्स? कोकणी ताटाचा हिशेब

साखरेचा रिपोर्ट वाढून आला की पहिला सल्ला डॉक्टरांच्या आधी शेजारून येतो: भात बंद कर. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठेही जा, हा सल्ला एकच. मग माणूस पंधरा दिवस निमूटपणे चपात्या खातो. सोळाव्या दिवशी घरात बांगड्याचं तिखलं होतं, आणि त्या एका दुपारी पंधरा दिवसांचा भात वसूल होतो. शिवाय त्या पंधरा दिवसांत दुपारी चार-चार चपात्या पोटात गेलेल्या असतात, त्या कुणी मोजलेल्या नसतात.

म्हणून आधी आकडा काढावा आणि मग भाताचं काय करायचं ते ठरवावं. आकडा म्हणजे दिवसभरात किती ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे कार्ब्स, पोटात गेलेली चालतील. तो काढायला तिसरीतला भागाकार पुरतो. वेळ लागतो तो आपलं ताट प्रामाणिकपणे मोजायला, म्हणून या लेखातली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

सुरू करण्याआधी

काही लोकांनी हे आपल्या मनाने करू नये. इन्शुलिन घेणारे, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे: औषध तेवढंच ठेवून कार्ब्स एकदम कमी केले तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर कार्ब्स फार तोडले तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तो साखर फारशी वाढलेली नसतानाही असतो. किडनीचा त्रास असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, टाइप १ मधुमेह असलेले, या सगळ्यांनी आकडा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांबरोबर बसून ठरवावा. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कार्ब्स लागतात असं धरतात, त्यामुळे नणंदेने केलं म्हणून वहिनीने करू नये.

आणि गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावं: हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मीटरवर साखर ७० च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या वेळी डाएट आठवायचं नाही.

पायरी १: तुमचं काम किती अंगमेहनतीचं?

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी २०२० मध्ये भारतीयांसाठी ऊर्जेचे आकडे ठरवून दिले. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी, मध्यम कष्टाच्या कामाला २७१०, जड कामाला ३४७०. ५५ किलोच्या बाईला अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२०.

यात आपण कुठे बसतो हे ठरवताना माणसं स्वतःला फसवतात. मालवणात बँकेत बसणारा माणूस सांगतो, "माझी धावपळ खूप असते." ती धावपळ स्कूटरवर असते. याउलट रापण म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं ओढणारा, लाकूड फोडणारा, लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभी असलेली बाई, यांना बैठ्या कामाचा आकडा लावला तर दुपारपर्यंत अंगातली ताकद जाईल. घरकाम करणाऱ्या बायकांचं काम विहिरीचं पाणी, आगर, गुरं यांच्यासकट असेल तर मध्यम धरा. मिक्सर, नळ आणि गॅस असलेल्या घरात मात्र ते बहुतेकदा बैठ्याच्या जवळ जातं. हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नका.

वजन कमी करायचं असेल तर या आकड्यातून ३०० ते ४०० कॅलरी वजा करा. त्याहून जास्त नको.

पायरी २: त्यातला किती वाटा कार्ब्सचा?

भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला साधारण ६२ टक्के भाग कार्ब्समधून येतो, असं आयसीएमआर-इंडिअ‍ॅब या देशभरच्या पाहणीतून २०२५ मध्ये समोर आलं. त्यातलाही बराचसा पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर. याच गटाने २०२२ मध्ये एक गणित मांडलं होतं: नव्याने मधुमेह झालेल्यांना तो मागे न्यायचा असेल तर कार्ब्स ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावेत आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास न्यावीत. म्हणजे उपाशी मरायला कुणी सांगितलेलं नाही, ताटातून दहा-बारा टक्के हलवायचे आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सोपी विभागणी अशी. तब्येत ठणठणीत आणि अंगमेहनतीचं काम: ५५ टक्के. बैठं काम, साखर काठावर, पोट सुटलेलं: ५० टक्के. वजन उतरवायचं आहे: ४५ टक्के. याखाली जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून जा. इंटरनेटवर २० ग्रॅम, ५० ग्रॅमचे कीटो प्रकार दिसतात. ते काही लोकांना जमतात, पण ज्या घरात दोन्ही वेळा भात शिजतो तिथे ते महिनाभर टिकलेले मी तरी पाहिलेले नाहीत. तसंही एनआयएनने मोठ्या माणसासाठी दिवसाची शिफारस १३० ग्रॅमची केली आहे, ती मुख्यतः मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजच्या हिशेबाने. पहिल्यांदा करणाऱ्याने ही खालची मर्यादा धरावी.

पायरी ३: चारने भागा

एक ग्रॅम कार्ब्समधून चार कॅलरी मिळतात. म्हणून कॅलरी गुणिले टक्के, आणि आलेल्या उत्तराला चारने भागायचं.

एकाच घरातली तीन माणसं घेऊ. सून पतपेढीत बसते, वजन ५५ किलो, साखर काठावर. १६६० चे ५० टक्के ८३०, भागिले ४, म्हणजे साधारण २०५ ग्रॅम. मुलगा होडीवर जातो, मध्यम कष्ट धरले तर २७१० चे ५५ टक्के म्हणजे १४९०, भागिले ४, साधारण ३७० ग्रॅम. सुनेच्याच वजनाच्या आतेला गुडघ्यांसाठी वजन उतरवायचं असेल आणि दिवसभर ती बसूनच असेल तर १६६० मधून ३५० वजा, राहिले १३१०, त्याचे ४५ टक्के ५९०, भागिले ४, साधारण १४५ ग्रॅम.

एकाच टोपातला भात, पण एकाला चालतो त्याच्या निम्माही दुसऱ्याला चालत नाही. मुलग्याच्या ताटाकडे बघून आपलं ताट वाढायचं नाही.

आकडा आला की तो कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. पुढे दिलेले पदार्थांचे आकडेसुद्धा तंतू (फायबर) वगळून आणि गोल करून दिलेले आहेत.

पायरी ४: तीन दिवस काहीही न बदलता लिहा

ही पायरी लोक गाळतात. तीन दिवस जे खाता तेच खा, फक्त लिहा: चहातली साखर, बरोबरचं खारी-बटर, देवळातला प्रसाद, येता-जाता तोंडात टाकलेले काजू, सगळं. तीनपैकी एक दिवस रविवार असू द्या, कारण कोंबडी-वड्यांचा दिवस हिशेबातून सुटला तर सगळं लिहिणं फुकट.

वर जिचे २०५ आले त्या सुनेचा साधा वारचा दिवस बघू. सकाळचा चहा, दोन चमचे साखर आणि दूध: १२. तीन घावणे चटणीबरोबर: ७०. अकराचा चहा: १२. दुपारी तांदळाची एक भाकरी ४५, वर भात ७८, कालवण ५. संध्याकाळचा चहा १२, बरोबर चार ग्लुकोज बिस्किटं १६. रात्री पुन्हा भात ७८ आणि कुळथाची पिठी १४. बेरीज ३४२.

यात गोडाचा एकही पदार्थ नाही. माणसं म्हणतात, "मी गोड खातच नाही तरी साखर का वाढते?" उत्तर या बेरजेत आहे.

पायरी ५: तांदूळ कच्चा मोजा

सगळा हिशेब इथे जुळतो किंवा फसतो. हजाराच्या आत मिळणारा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. एवढी एकच खरेदी.

पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७८ ग्रॅम कार्ब्स असतात, उकड्यात ७७. शिजल्यावर त्याच १०० ग्रॅमचा भात २५० ते ३०० ग्रॅम होतो, कारण बाकी सगळं पाणी. जुना तांदूळ, नवा तांदूळ, सुरय, उकडा, प्रत्येक जण पाणी वेगळं पितो. म्हणून "एक वाटी भात म्हणजे इतके कार्ब्स" हे वाक्य कुणी सांगितलं तर वाटी केवढी आणि भात कसला, हे विचारा. दाबून भरलेली वाटी आणि मोकळी वाटी यांतच दहा ग्रॅमचा फरक पडतो.

सगळ्यांचा भात एकत्र शिजतो, मग आपला कच्चा कसा मोजायचा? असं करा. तांदूळ धुण्याआधी वजन करा, समजा चौघांचे ३०० ग्रॅम. भात झाला की टोपासकट वजन करून टोपाचं वजन वजा करा, समजा ८४० ग्रॅम आला. ८४० भागिले ३००, म्हणजे तुमच्या घरचा तांदूळ २.८ पट फुगतो. तुमच्या वाट्याला ६० ग्रॅम तांदूळ येत असेल तर ६० गुणिले २.८, म्हणजे १६८ ग्रॅम भात ताटात. पेज गाळून काढत असाल तर तिच्यातून थोडं पिष्ट निघून जातं, पण ते सोडून द्या, एवढं बारीक मोजायची गरज नाही. तांदूळ बदलेपर्यंत हा २.८ बदलत नाही. मग रोज फक्त भाताचं वजन करायचं.

आमच्या वाडीतल्या एका काकींना मी विचारलं, रात्री किती जेवता? "मी खय जेवतंय? मूठभर भात." ताट काट्यावर ठेवलं तर भात तीनशे ग्रॅम. कच्चा तांदूळ शंभराच्या वर, कार्ब्स ८४. काकी खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी चाळीस वर्षं तोच पळा वापरला आणि त्या पळ्याने वाढलं की त्यांच्या हिशेबी ते मूठभरच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पळा बदलला, काटा परत दिला. हीसुद्धा एक पद्धत आहे: एकदा मोजून आपलं माप कुठल्या वाटीत बसतं ते बघायचं आणि ती वाटी फक्त भातासाठी राखून ठेवायची.

भाकरीचंही तसंच. पीठ मळण्याआधी वजन करा. तांदळाच्या ५५-६० ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे ४५ ग्रॅम कार्ब्सची. ५० ग्रॅम नाचणीची ३३. ३० ग्रॅम कणकेची घडीची पोळी २० च्या आसपास. घावण तव्याच्या आकारावर, ३० ग्रॅम पिठाचा असेल तर २३.

नाचणीबद्दल थोडं, कारण तिच्यावर लोकांचा आंधळा विश्वास आहे. तिच्यात १०० ग्रॅमला ६७ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे तांदळापेक्षा थोडेच कमी. तिचा खरा फायदा तंतूंचा, साधारण ११ ग्रॅम, तांदळात तीनही नाहीत. आणि कॅल्शियम भरपूर. पण साखरेला चांगली म्हणून कुणी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर तो शंभरावर गेला. नाचणीचं सत्त्व तर आणखी वेगळं: भिजवून, वाटून, गाळून काढलं की तंतू चोथ्यात जातात, मागे राहतं ते पिष्ट, त्यात वर गूळ. आजारी माणसाला आणि बाळाला ते उत्तम. साखर वाढलेल्याने ते औषध समजून पिऊ नये.

पेजेचं उलट आहे. भांडंभर पेज दिसते मोठी, पण तीत तांदूळ ४० ग्रॅमच घातला असेल तर कार्ब्स ३१. मोजून केली तर पेज हिशेबात छान बसते. फक्त ती खूप मऊ शिजलेली असते म्हणून साखर लवकर चढवते. बरोबर उसळ किंवा एखादं अंडं असू द्या, नुसतं लोणचं नको.

पायरी ६: दिवसाचे तुकडे करा

२०५ ग्रॅम एकाच वेळी खायचे नाहीत. तीन जेवणांना साधारण ५० ते ६० आणि उरलेले चहा, फळ यांत. मधुमेह असेल तर एका वेळचा आकडा दिवसाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. दिवसभर उपाशी राहून रात्री सगळा कोटा भातात संपवला तर कागदावर हिशेब बरोबर येतो आणि पहाटेची साखर मात्र चुकते.

पायरी ७: ताट फिरवा

कोकणी ताटाचं एक बरं आहे, ज्या वस्तू वाढवायच्या त्या इथे आधीच आहेत. माशात कार्ब्स जवळपास शून्य आणि १०० ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिनं: बांगडा, तारली, सुरमई, पेडवे, काहीही घ्या. तिसऱ्या-कालवांत थोडे कार्ब्स असतात, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. तळलेल्या तुकडीला लावलेला रवा किंवा तांदळाचं पीठ पाच-सात ग्रॅम भर घालतं. ओल्या खोबऱ्यातले बरेचसे कार्ब्स तंतूंचेच, त्यामुळे वाटणाची भीती नको. पण खोबऱ्यात तेल भरपूर, कॅलरी भरपूर, तेव्हा वजन उतरवणाऱ्याने नारळ जपून फोडावा. सोलकढीची वाटी चार-पाच ग्रॅम. कोकम सरबताचा ग्लास मात्र पंधरा ते वीस, कारण त्यात कोकमापेक्षा साखरच जास्त असते. दिसायला दोन्ही लाल.

कुळीथ हे इथलं खरं धन. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं. काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, कुळथाची पिठी, यांच्यात कार्ब्स आहेत पण ते सावकाश पचतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ताट यांच्यावरच चालायला हवं. प्रत्यक्षात त्या दिवसांत आपण सुकट आणि दुप्पट भात खातो.

आता तीच सून, तेच घर. सकाळी दोन घावणे ४६, बरोबर काळ्या वाटाण्याची वाटीभर उसळ १७. दिवसाचे तीन चहा, प्रत्येकी अर्धा चमचा साखर, मिळून १५. दुपारी भाकरी किंवा भात, दोन्ही नाही: ६० ग्रॅम तांदळाचा भात ४७, माशाचं कालवण ५. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे ५, एखादा पेरू किंवा अर्धं केळं १५. रात्री नाचणीची एक भाकरी ३३, कुळथाची पिठी १४, पालेभाजी ८. बेरीज २०५.

भात आहे, घावणे आहेत, मासेही आहेत. ३४२ वरून २०५ वर येताना गेली ती दुपारची जोडीची भाकरी, भाताचा वरचा ढीग, रात्रीचा भात, सकाळचा एक घावण, चहातली साखर आणि बिस्किटं. रात्रीचा भात जड जातो सोडायला, हे खरं. ज्याला नाहीच सोडवत त्याने दुपारी भाकरी आणि रात्री ४५ ग्रॅम तांदळाचा भात असा उलटा हिशेब करावा, फरक पडत नाही.

जेवायला बसल्यावर आधी भाजी, उसळ, माशाची तुकडी, आणि भात शेवटी, या क्रमाने साखरेची उसळी कमी होते. कालवण-भात कालवूनच खायचा म्हणणाऱ्यांना हे अवघड आहे. त्यांनी निदान अर्धी भाजी आधी संपवावी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हासुद्धा याच कामाचा भाग.

आंबा, गणपती आणि संकष्टी

एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीकडे राहून आंबा खाऊ नका म्हणणं व्यर्थ आहे. मध्यम हापूसमधून साधारण दीडशे-एकशेसाठ ग्रॅम गर निघतो, कार्ब्स २५ च्या आत-बाहेर. म्हणजे एक आंबा बरोबर ३० ग्रॅम कच्च्या तांदळाचा. आंबा खायचा तर त्या वेळच्या भातातून तेवढा तांदूळ काढायचा. आमरसाला पोळी लागते, पोळीला दुसरी पोळी लागते, म्हणून साखर असलेल्याने रसापेक्षा फोडी खाव्यात. फणसाचे पाच-सहा गरे २० च्या आसपास, कापा असो की बरका. भाजलेल्या आठळ्या पिठूळ असतात, त्या बटाट्यासारख्या धरा. नीरफणसाचे काप लोक भाजी म्हणून खातात, पण ताटात ते भाताच्या बाजूला मोजायचे, १०० ग्रॅमला २० च्या वर. सुरण, रताळं, कणगं हेही त्याच रांगेतले.

उकडीचा एक मोदक ३० ग्रॅमचा, कारण तांदळाचं पीठ आणि गूळ दोन्ही. चतुर्थीच्या दिवशी दोन मोदक खाल्ले तर त्या जेवणात भात नाही. शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आणि गुळाचा रस यांचा हिशेब करायला मी जात नाही. ते वर्षातून दोनदा होतात, खावेत आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काटा काढावा. कोंबडी-वड्यांतला एक वडा १८ ते २०, म्हणजे पाच वड्यांतच शंभराच्या जवळ.

उपास मात्र दर पंधरवड्याला येतात, तिथे सूट नाही. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कार्ब्स, सगळं पिष्ट. ६० ग्रॅम साबुदाण्याची खिचडी बटाट्यासकट साठीच्या पुढे जाते. ६० ग्रॅम वरीचा भात चाळीसच्या आत राहतो, वर दाण्याची आमटी असेल तर पोटही भरतं. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना निर्जळी करायचीच असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पायरी ८: आकडा बरोबर आहे का ते तपासा

काढलेला आकडा हा अंदाज आहे. दोन आठवडे पाळा आणि मग शरीराला विचारा.

मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरवर जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. बहुतेकांसाठी दोन तासांनंतरची साखर १८० च्या आत असावी असं धरतात, डॉक्टरांनी तुम्हाला वेगळा आकडा दिला असेल तर तो. रोज सगळ्या जेवणांना टोचून घेण्याची गरज नाही. एका आठवड्यात दुपारच्या भाताचं जेवण पकडा, पुढच्यात रात्रीचं. त्याच भाताने दोन-तीनदा १८० ओलांडले तर त्या जेवणातला कच्चा तांदूळ १५ ग्रॅमने उतरवा, म्हणजे सुमारे १२ कार्ब्स कमी, आणि पुन्हा बघा.

मधुमेह नसेल तर वजन आणि बेंबीपाशी घेर, आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी. महिन्याला एक-दोन किलो उतरत असेल तर हात लावू नका. काहीच हलत नसेल तर कार्ब्स आणखी तोडण्याआधी तेल, खोबरं आणि काजू मोजा, बहुतेक वेळा चोर तिथे सापडतो. चक्कर, सतत भूक, चिडचिड, बद्धकोष्ठ यातलं काही मागे लागलं असेल तर आकडा फार खाली गेला आहे. २०-३० ग्रॅम परत वाढवा, आणि ते उसळीतून किंवा भाकरीतून वाढवा, चहातून नको.

एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसाला धान्यं २५० ग्रॅम, तर डाळी, अंडी, मांस-मासळी मिळून ८५ ग्रॅम अशी थाळी दिली आहे, आणि धान्यातून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त नको असंही म्हटलं आहे. आपला हिशेब या मापापासून फार लांब जात असेल तर बेरीज पुन्हा तपासा. बहुतेकदा भाताचं वजन आणि तांदळाचं वजन यांची अदलाबदल झालेली असते.

आणि आकडा वर्षभर एकच राहत नाही. मृगानंतर लावणीला उतरणारी माणसं महिना-दीड महिना बैठ्या कामावरून जड कामावर जातात. त्या दिवसांत पहिली पायरी नव्याने करा. वरच्या हिशेबाने ५५ किलोच्या बाईचा आकडा २०५ वरून तीनशेच्या पुढे जातो आणि ती न्याहारीला पेज, उसळ आणि भाकरी खुशाल खाऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर लावणीच्या पहिल्याच आठवड्यात साखर तपासा, कारण मेहनतीनेही ती खाली जाते, आणि शेतात जाताना पदराला गुळाचा खडा बांधा. लावणी आटोपली की पहिल्या रविवारी काटा पुन्हा ओट्यावर आणा. भूक लावणीचीच राहते, पण काम उतरलेलं असतं.